जुन्या व्हॅनचं सरकतं दार जड झालंय? आधी ते कुठे अडतंय ते शोधा

जुन्या व्हॅनचं सरकतं दार एका दिवसात जड होत नाही. ते हळूहळू जड होतं आणि आपला हातही तितकाच हळूहळू त्याला सरावतो. कधीकाळी दोन बोटांनी सरकणारं दार मग पूर्ण हाताने ओढावं लागतं, पुढे झटका द्यावा लागतो, आणि शेवटी ‘या गाडीचं दार असंच आहे’ म्हणून आपण विषय सोडून देतो. वयस्कर माणसाला किंवा लहान मुलाला आतून ते उघडता येत नाही, तेव्हा प्रश्न केवढा मोठा आहे ते कळतं. अपघात झाला तर बाहेर पडायची तीच वाट असते. शिवाय आपटून लावलेलं दार पुष्कळदा पहिल्याच खटक्यावर अडकून राहतं. बाहेरून बंद दिसतं, पण पूर्ण लागलेलं नसतं. म्हणून हे काम टाळण्यासारखं नाही.

दार जड झालं की बहुतेकांचा हात आधी वंगणाच्या स्प्रेकडे जातो. चार दिवस बरं वाटतं, मग दार पूर्वीपेक्षा जड होतं. कारण सरळ आहे. रुळात साचलेली धूळ आणि जुनं ग्रीस यांचा चिखल स्प्रेने पातळ होतो, रोलरच्या, म्हणजे दार ज्या छोट्या चाकांवर सरकतं त्यांच्या बेअरिंगमध्ये शिरतो आणि तिथे पुन्हा घट्ट होतो. त्यातले वाळूचे कण पॉलिश पेपरसारखे रोलर घासत राहतात. वंगण हा या दुरुस्तीतला शेवटचा टप्पा आहे. त्याआधी दार कुठे अडतं ते शोधायचं, मग सफाई, मग रोलर, मग जुळणी. हा क्रम मोडला तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या व्हॅनचं दार मोटरवर चालत असेल, तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. अशा दारात मोटर आणि ओढणारी केबल किंवा पट्टा असतो, आणि हात सापडून गंभीर इजा होऊ शकते. मोटर बंद करून दार हाताने सरकवून बघा. हाताने हलकं चालत असेल तर दोष मोटरकडे आहे आणि ते काम जाणकाराचं आहे.

दार कशावर चालतं

बहुतेक व्हॅनच्या सरकत्या दाराला तीन रूळ असतात. वरचा छताच्या कडेला, चौकटीच्या आत. खालचा पायरीच्या फटीत. मधला गाडीच्या बाहेरच्या अंगाला, दारामागच्या पत्र्यावर, साधारण खिडकीच्या खालच्या रेषेत. त्याप्रमाणे दारावर तीन ब्रॅकेट, म्हणजे रोलर धरणारे लोखंडी हात, असतात: पुढच्या वरच्या कोपऱ्यात, पुढच्या खालच्या कोपऱ्यात आणि मागच्या कडेला मध्यावर.

दाराचं बहुतेक वजन खालचा आणि मधला ब्रॅकेट पेलतो. वरचा दाराला बाहेर कलू देत नाही, एवढंच त्याचं काम. वजन पेलणाऱ्या ब्रॅकेटवर एकच चाक असतं असं समजू नका. एक चाक रुळाच्या तळावर उभं चालतं आणि बाजूचा आधार देणारी एक-दोन छोटी चाकं आडवी फिरतात. ही आडवी चाकं नजरेतून सुटतात, आणि जाम झालेलं चाक बऱ्याचदा त्यांच्यातलंच निघतं.

तिन्ही रूळ पुढच्या टोकाला आत वळतात. त्या वळणामुळेच दार शेवटच्या काही इंचांत आत ओढलं जातं आणि पत्र्याच्या पातळीत बसतं. सगळ्यात जास्त ताण वळणावर येतो आणि सगळ्यात जास्त झीजही तिथेच होते. दाराच्या मागच्या कडेला मुख्य लॅच असतं. ते चौकटीवरच्या स्ट्रायकरला, म्हणजे त्या जाड लोखंडी कडीला किंवा खुंटीला, पकडतं. काही व्हॅनना पुढच्या कडेलाही लॅच असतं. त्याशिवाय दार बंद होताना सरळ बसावं म्हणून खुंट्या किंवा पाचरी असतात, आणि पूर्ण उघडलेलं दार आपोआप सरकून येऊ नये म्हणून एक अडकण असते. एवढं चित्र डोळ्यांसमोर असलं की अर्धं निदान झालंच.

दार कुठे अडतंय?

गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर चांगलं दारही एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलकं वाटतं. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड किंवा ठोकळा लावा, मुलांना दूर ठेवा. मग एका हाताने, अगदी सावकाश, दार पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद करा. दुसरा हात दारावर सपाट ठेवा. खरखर, ठेच, थरथर हाताला कळते. कुठे जड लागलं तिथे पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून खूण करा.

सुरुवातीलाच, हँडल ओढताना जड लागत असेल तर दोष लॅच, केबल किंवा चिकटलेलं रबर यांपैकी कशात तरी आहे. हँडल हलकं चाललं, लॅच सुटल्याचा आवाजही आला, पण दार जागचं हलत नाही, तर रबर किंवा वळणावरचा रोलर बघा. दार आतून उघडतच नसेल, बाहेरून मात्र उघडत असेल, तर काही उघडण्याआधी चाइल्ड लॉक बघून घ्या. दाराच्या कडेला ती छोटी कळ असते.

मधल्या प्रवासात सगळीकडे सारखं जड असेल तर रुळातली घाण किंवा फिरत नसलेला रोलर. ठरावीक एकाच जागी ठेच लागत असेल तर त्या जागी रूळ वाकलेला, गंजलेला किंवा खाचलेला आहे. ठरावीक अंतराने ‘टक, टक’ असा आवाज येत असेल तर रोलर एका बाजूने चपटा झालाय. अर्ध्यावर दार एकदम थांबतच असेल तर आणखी एक शक्यता आहे. ज्या व्हॅनमध्ये इंधन भरायचं झाकण सरकत्या दाराच्याच बाजूला असतं, त्यांतल्या काहींमध्ये झाकण उघडं असताना दार पूर्ण उघडू नये म्हणून अटकाव बसवलेला असतो. तो अटकाव जुनेपणामुळे मागे येत नसेल तर झाकण बंद असूनही दार अडतं.

शेवटच्या काही इंचांत जड असेल तर कारणं बरीच, आणि लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. म्हणून इथे तीन चाचण्या करा.

पहिली, पुढची खिडकी उघडून दार लावून बघा. दार लगेच हलकं लागलं तर ते आतल्या हवेच्या दाबाने अडत होतं. गाडीतून हवा बाहेर जाण्याच्या झडपा मागच्या भागात असतात आणि जुन्या व्हॅनमध्ये त्या सामानाखाली, गालिच्याखाली किंवा नंतर बसवलेल्या प्लायखाली बुजलेल्या सापडतात. त्या मोकळ्या केल्या की काम संपलं.

दुसरी, दार अर्धवट उघडं ठेवून त्याची मागची कड दोन्ही हातांनी खालून वर उचला. कड सहज वर-खाली हलत असेल तर मधला रोलर झिजलाय. तीच गोष्ट पुढच्या खालच्या कोपऱ्याशी करा. दार खाली बसलं की लॅच स्ट्रायकरच्या खालच्या बाजूवर आपटतं, आणि आपण प्रत्येक वेळी जोर लावून दार स्ट्रायकरवर चढवत असतो.

तिसरी चाचणी सगळ्यात बोलकी आहे. स्ट्रायकरच्या भोवती मार्करने बारीक रेघ मारा, त्याखाली पत्र्याच्या चकत्या असतील तर किती आहेत ते लिहून ठेवा आणि स्ट्रायकर काढा. आता दार हलक्या हाताने बंद करा. ते सहज आत बसलं तर रूळ-रोलर ठीक आहेत, भानगड लॅच किंवा जुळणीत आहे. तरीही जड असेल तर रोलर, वळण किंवा रबर. स्ट्रायकर काढलेला असताना गाडी हलवायची नाही, अगदी दोन फूटही नाही.

सफाई

हा भाग कंटाळवाणा आहे, पण जड दारांच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. आधी कोरडी सफाई करा. खालच्या रुळात माती, खडे, केस, कागदाचे बोळे असं काहीही सापडतं. व्हॅक्यूम क्लीनरच्या बारीक नळीने ते ओढून घ्या. घट्ट बसलेला थर लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की रंग जातो आणि तिथे गंजाला जागा मिळते.

मग जुनं ग्रीस. कापडाच्या चिंध्या आणि जुना टूथब्रश घ्या, थोडं डीग्रीझर (ग्रीस सोडवणारं द्रावण) किंवा रॉकेल लावा आणि घासून पुसत जा. रॉकेल वापरणार असाल तर हवेशीर जागा हवी, आसपास बिडी-काडी नको, आणि भिजलेल्या चिंध्या ढीग करून गाडीत ठेवायच्या नाहीत. ब्रेक क्लीनरसारखी तीव्र द्रावणं रंग आणि काही प्लास्टिक खातात. ती रोलरवर किंवा पत्र्यावर मारू नका. डब्ल्यूडी-४० सारखा पातळ स्प्रे इथे उपयोगी आहे, पण साफ करायला. जुना चिकटा सोडवला की तो पूर्ण पुसून घ्यायचा. रोलरच्या बेअरिंगमध्ये मात्र तो सरळ फवारू नका, आतलं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन निघतं.

मधल्या रुळाच्या मागच्या टोकाला बहुधा प्लास्टिकची टोपी असते, काही गाड्यांत रुळावर लांब झाकणपट्टी असते. ती काढल्याशिवाय आतला कोपरा दिसत नाही. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं. गाडी थोडी उन्हात तापल्यावर किंवा हेअर ड्रायरची ऊब देऊन काढलं तर क्लिपा मोडत नाहीत. वरचा रूळ तुलनेने स्वच्छ असतो, तिथे फक्त वाळलेलं ग्रीस पुसायचं असतं.

खालच्या रुळाला पाणी जायची भोकं असतात. ती तुंबली की पाणी रुळात उभं राहतं आणि पुढच्या सगळ्या कटकटींचं मूळ तिथे तयार होतं. तारेने ती मोकळी करा. हाताशी आहात तर दाराच्या खालच्या कडेची भोकंही बघा. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर दार जड होण्याचं एक कारण तिथेच मिळालं: दाराच्या पोकळीत पाणी भरलंय. ते काढा, कारण ते वजन रोलरवर येतं आणि दार आतून गंजतं.

सफाई झाली की दार पुन्हा चालवून बघा. फरक पडलाय का, खुणेच्या जागा बदलल्या का, ते पाहा. पुष्कळ वेळा इथेच थांबता येतं.

रूळ गंजला किंवा वाकला असेल तर

हातमोजा घालून बोट रुळाच्या आतल्या कडेवरून शेवटपर्यंत फिरवा. वरवरचा गंज वायर ब्रश आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, मग २४० नंबरने गुळगुळीत करा. त्यावर गंजरोधक द्रावण, मग प्रायमर, मग रंग. रंगाचे हात पातळ द्या आणि पूर्ण वाळू द्या, कारण जाड थर रोलरला अडतो आणि दोन दिवसांत सोलवटून रुळातच पडतो. बाहेर दिसणाऱ्या पत्र्याजवळ सिलिकॉनचा स्प्रे रंगकामाआधी चुकूनही मारू नका; सिलिकॉनवर रंग धरत नाही.

रुळाची कड थोडी आत दबली असेल, खालच्या रुळावर पाय पडून असं होतं, तर लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हातोडीने ती सरळ करता येते. थोडं ठोका, दार चालवून बघा, पुन्हा थोडं. पक्कडीने पिरगळलेली कड कधीच सरळ होत नाही, लाटा पडतात.

रूळ गंजून आरपार भोकं पडली असतील किंवा ब्रॅकेट जिथे बसतो तिथल्या पत्र्याला तडा असेल तर घरगुती दुरुस्ती तिथे संपते. ते वेल्डिंगचं काम आहे. खालच्या रुळाच्या आसपास काही गाड्यांत इंधनाची टाकी किंवा नळी असते, त्यामुळे ते काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

रोलर

मला विचाराल तर संशयितांच्या यादीत मधला रोलर सगळ्यात वर ठेवा. तो बाहेर असतो, पाऊस आणि धूळ त्यालाच आधी लागते, आणि वजनही त्याच्यावर असतं.

प्रत्येक चाक बोटाने फिरवून बघा. चांगलं चाक गुळगुळीत आणि नि:शब्द फिरतं. खरखरत असेल, अडखळत असेल, डुगडुगत असेल, चपटं झालं असेल, नायलॉनला चीर गेली असेल, तर त्यावर वंगण वाया घालवू नका, ते बदला. फक्त कडक फिरत असेल आणि झीज नसेल, तर ब्रॅकेट काढून, साफ करून, बेअरिंगला नवं ग्रीस देऊन बघायला हरकत नाही. बेअरिंग बंद प्रकारचं असेल तर आत ग्रीस घालता येत नाही.

बदलायच्या वेळी नियम एकच: एका वेळी एकच ब्रॅकेट सोडायचा. बाकीचे दोन जागेवर असले आणि सुटलेल्या कोपऱ्याला आधार असला की दार कुठे जात नाही. तिन्ही सोडून दार उतरवणं फार क्वचित लागतं, आणि मोठ्या व्हॅनचं दार एकट्याने पेलण्यासारखं नसतं. तशी वेळ आली तर दोन माणसं हवीत.

काम असं करा. दार अर्धवट उघडा, म्हणजे ब्रॅकेट वळणाबाहेर येतो आणि ताण कमी होतो. ज्या कोपऱ्यातला ब्रॅकेट सोडायचा त्या कोपऱ्याखाली जॅक ठेवा, वर लाकडाचा ठोकळा, त्यावर जाड कापड. जॅक दाराला टेकेल आणि वजन घेईल एवढाच चढवा, गाडी उचलायची नाहीये. आसपासच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावा. ब्रॅकेटभोवती मार्करने रेघ मारा, मोबाईलने दोन बाजूंनी फोटो काढा. ब्रॅकेटखालच्या चकत्या मोजून त्याच क्रमाने ठेवा. ही रेघ आणि या चकत्या म्हणजे कारखान्यातली जुळणी. ती हरवली तर पुढचं काम दुप्पट होतं.

जुन्या गाडीचे बोल्ट सहज सुटत नाहीत. आदल्या दिवशी गंज सोडवणारं पातळ तेल लावून ठेवा. चौफुली खाचेचे स्क्रू असतील तर साध्या स्क्रू ड्रायव्हरने झटापट करू नका, खाच जाते. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. ताऱ्याच्या आकाराची खाच असेल तर नेमक्या मापाचा टॉर्क्स बिट हवा, आणि खाचेतली माती आधी टाचणीने काढायची, म्हणजे बिट तळापर्यंत बसतो.

काही ब्रॅकेटवर चाक सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) बसवलेलं असतं, ते सुटं मिळू शकतं. चाक रिव्हेट केलेलं असेल तर पूर्ण ब्रॅकेट घ्यावा लागतो. रिव्हेट ड्रिल करून नट-बोल्टवर चाक बसवायचा जुगाड मला पटत नाही; बोल्टचं डोकं रुळाला घासतं आणि नट ढिला झाला तर चालत्या गाडीत दार लटकतं. भाग मागवताना चॅसी नंबर द्या आणि डावी-उजवी बाजू सांगा, दोन्हींचे ब्रॅकेट वेगळे असतात. नवा ब्रॅकेट जुन्याच्या शेजारी ठेवून चाकाचा व्यास, उंची आणि भोकांचं अंतर जुळतंय का ते बसवण्याआधी बघा.

बोल्टच्या आट्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (बोल्ट आपोआप सैल होऊ न देणारं द्रावण) लावा, ब्रॅकेट जुन्या रेघेवर आणा, बोल्ट गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरावीक जोराला, आवळा. मग जॅक हळूच खाली घ्या.

जुळणी: स्ट्रायकर सर्वांत शेवटी

दार नीट बसत नसेल तर लोक पहिला पाना स्ट्रायकरला लावतात, कारण तो समोर दिसतो आणि एक-दोनच बोल्टवर असतो. त्यामुळे लॅच लागतं खरं, पण दार तिरकंच राहतं आणि नवा रोलर वाकड्या भाराखाली झिजायला लागतो. स्ट्रायकरचं काम दार उचलणं नाही, बसलेलं दार धरून ठेवणं आहे.

म्हणून स्ट्रायकर काढून ठेवा. पुढच्या खुंट्या किंवा पाचरी समायोजित होणाऱ्या असतील तर त्याही सैल करा. दार बंद करा आणि चारही बाजूंच्या फटी बघा. फट किती हवी यासाठी मापाच्या मागे लागू नका. शेजारच्या पुढच्या दाराची फट हाच तुमचा नमुना. पत्र्यावरची नक्षीची रेघ दोन्ही दारांवर सलग जाते का, ते थोडं लांब उभं राहून बघा.

बऱ्याच व्हॅनमध्ये मागच्या कडेची उंची मधल्या ब्रॅकेटने ठरते, पुढच्या कडेची उंची आणि तळाचं आत-बाहेर खालच्या ब्रॅकेटने, आणि माथ्याचं आत-बाहेर वरच्या ब्रॅकेटने. मागची कड खाली बसली असेल तर मधला ब्रॅकेट किंचित सैल करा, जॅकने कड वर घ्या, आवळा, दार पुन्हा लावून बघा. एका वेळी एकच ब्रॅकेट, आणि एक-दोन मिलिमीटरच. एक कोपरा हलवला की समोरचा कोपरा थोडा बदलतो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होतात. इथे घाई केली की दार कायमचं वाकडं दिसतं.

दार स्ट्रायकरशिवाय सरळ आणि सहज बसलं की स्ट्रायकर लावा. बोल्ट असे आवळा की स्ट्रायकर हाताने हलणार नाही, पण हलक्या ठोक्याने सरकेल. त्यावर ग्रीसचा पातळ हात द्या, दार हलकेच लावा, उघडा, आणि ग्रीसवर खूण कुठे उमटली ते बघा. खूण मध्यावर यायला हवी. वर किंवा खाली आली तर त्याप्रमाणे सरकवा. मग बंद दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्याच्या पातळीत येतो का ते तपासून स्ट्रायकर आत-बाहेर करा. फार आत घेतला तर रबर चेपून दार पुन्हा जड होईल, फार बाहेर ठेवला तर दार खडखडेल आणि पाणी शिरेल. शेवटी पूर्ण टॉर्कला आवळा आणि पाचरी जागेवर आणा. त्या दाराला टेकाव्यात, ढकलू नयेत.

लॅच आणि केबल

दार उघडं ठेवूनच लॅच तपासा. त्यातली आकडी जाड स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने बंद स्थितीकडे ढकला. दोन खटके ऐकू यायला हवेत: पहिला अर्धवट, दुसरा पूर्ण. आता बाहेरचं हँडल ओढा, आकडी टुणकन परत उघडायला हवी. आतल्या हँडलने पुन्हा तेच करा. तपासणी झाल्यावर आकडी उघडी आहे याची खात्री केल्याशिवाय दार लावू नका. बंद आकडी स्ट्रायकरवर आपटली तर दोन्ही बिघडतात.

आकडी सुस्तपणे परतत असेल तर लॅच साफ करून, वाळवून, थोडं पांढरं लिथियम ग्रीस द्या. लॅच चपळ आहे पण हँडल जड आहे, तर केबल बघावी लागेल आणि त्यासाठी आतला पॅनल काढावा लागतो. केबलच्या आवरणात पातळ तेलाचे थेंब वरून सोडा आणि ती मागेपुढे करा. तारेचा एखादा धागा तुटून फुललेला दिसला तर केबल बदला, कारण ती उरलेल्या धाग्यांनिशी एखाद्या दिवशी तुटेल आणि दार उघडता येणार नाही. दार पूर्ण उघडल्यावर मागे येत नसेल तर खालच्या ब्रॅकेटजवळची अडकण जाम असते. तीही बऱ्याच गाड्यांत हँडलशीच जोडलेली असते.

काही जुन्या व्हॅनमध्ये चौकटीवर विजेच्या जोडणीच्या स्प्रिंगवाल्या छोट्या पितळी टोकण्या असतात. त्या अल्कोहोलने पुसा. ग्रीस लावू नका.

रबर

रबर साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि सिलिकॉन स्प्रेचा अगदी पातळ हात कापडाने द्या. खनिज तेल, ग्रीस, रॉकेल रबराला लागू देऊ नका. रबर फुगतं आणि दार आणखी जड होतं. कुठे दबाव जास्त आहे हे कळायला कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि ती ओढा. थोडी अडखळत यायला हवी. फाटली तर तिथे दाब जास्त, सरकन निघाली तर तिथे रबर टेकतच नाही. नवं रबर बसवलं असेल तर सुरुवातीला दार थोडं जड लागणारच. ते दबून बसायला काही आठवडे द्या, लगेच स्ट्रायकर बाहेर घेऊ नका.

आता वंगण

रोलरच्या आसाला, ब्रॅकेटच्या सांध्याला आणि लॅचला लिथियम ग्रीस, तेही थोडंच. रुळात मी ग्रीस भरत नाही. टेफ्लॉनचं कोरडं वंगण किंवा सिलिकॉन स्प्रेचा पातळ थर पुरतो आणि त्यावर धूळ कमी बसते. गाडीच्या पुस्तिकेत रुळाला ग्रीसच सांगितलं असेल तर तेच द्या, पण पुसल्यावर उरेल इतकंच. दार पूर्ण लांबीवर आठ-दहा वेळा चालवा आणि रुळाच्या टोकाला जमलेला जादा थर पुसून घ्या.

मग दार सावकाश लावून दुसरा खटका ऐका, आतून आणि बाहेरून उघडा, कुलूप लावून-काढून बघा. बाहेरून पाण्याचा पाइप मारा आणि आत चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत ओल येते का ते हाताने चाचपा. सोडलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. आठवडाभर गाडी चालवल्यावर त्या रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय: काढा, आटे साफ करा, नवं थ्रेडलॉक लावून पुन्हा टॉर्कला आवळा, आणि त्या ब्रॅकेटच्या बाजूची दाराची फट परत एकदा बघा.